सत्तर हजारांत जॅझसाठी हॉलो बॉडी गिटार: कोणती घ्यावी?

पाचवी_तार (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी सॉलिड बॉडी (भरीव अंगाच्या) इलेक्ट्रिक गिटारवर जॅझचे कॉर्ड आणि जुनी स्टँडर्ड गाणी शिकतो आहे. आता एफ आकाराची छिद्रे असलेली, आतून पूर्ण पोकळ अशी आर्चटॉप (बाकदार पृष्ठभागाची) गिटार घेण्याचा विचार पक्का झाला आहे. गिटार, हार्ड केस, तारा आणि सेटअप (तारांची उंची, ब्रिज वगैरेंची जुळणी) हे सगळे धरून ७०,००० रुपयांपलीकडे जाणे मला शक्य नाही. ॲम्प माझ्याकडे आहे. वाजवणे मुख्यतः घरी होते, अधूनमधून एका मित्राच्या डबल बासच्या साथीने लहान खोलीत होते, आणि ड्रम्स सोबत असण्याचा प्रसंग क्वचित येतो.

आयबानेझच्या आर्टकोर मालिकेतील एएफ ५५ आणि एएफ ७५, ग्रेचची स्ट्रीमलायनर आणि वापरलेल्या वाद्यांच्या बाजारात कधीमधी दिसणारी एपिफोनची जो पास एम्परर हे पर्याय माझ्या डोळ्यांसमोर आहेत. या किमतीतल्या जवळजवळ सगळ्या गिटारी लॅमिनेटच्या, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाच्या असतात. त्यामुळे आवाजात कायमची उणीव राहते का? नवी घ्यावी की वापरलेली? आणि दोन पिकअपची (तारांचे कंपन ॲम्पकडे पोचवणाऱ्या चुंबकी भागांची) खरोखर गरज असते का? माझ्या कानात घर करून बसलेला आवाज जो पास आणि जिम हॉल या जॅझ गिटारवादकांचा आहे, हेही सांगून ठेवतो, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल.

सप्तक_वेध

तुम्ही ज्या दोघांची नावे घेतली आहेत त्या दोघांनीही आयुष्यातला मोठा काळ गिब्सनची ईएस-१७५ वाजवली, आणि ती गिटार लॅमिनेट मेपलची होती. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच मिळते, पण त्यामागचे कारण समजून घेतले तर खरेदी अधिक डोळसपणे करता येईल.

गिब्सनने १९२२ साली एल-५ आणली, तेव्हा वाद्यवृंदात पितळी वाद्यांच्या गलबल्यातूनही ऐकू जाईल अशी गिटार घडवणे हा हेतू होता. त्यासाठी घन स्प्रूसची जाड फळी व्हायोलिनसारखी कोरून तिला बाक दिला जाई. पुढे १९३६ मध्ये पिकअप बसवलेली ईएस-१५० आली, १९३९ मध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झाला, आणि १९४२ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू होईपर्यंतच्या त्या थोड्याशा काळात गिटार हे एकेका स्वराने सोलो वाजवण्याचे वाद्य म्हणून प्रस्थापित झाले. आवाज एकदा ॲम्पमधून यायला लागल्यावर लाकडाने स्वतःच सभागृह भरून टाकण्याची गरज उरली नाही. म्हणून १९४९ मध्ये गिब्सनने कोरीव फळीऐवजी साच्यात दाबून बाक दिलेल्या लॅमिनेटची ईएस-१७५ काढली. तिच्या नावातला आकडा हा तिच्या त्या वेळच्या डॉलरमधल्या किमतीचा आहे. आपण ज्याला जॅझ गिटारचा अस्सल आवाज म्हणतो, त्यातला फार मोठा भाग मुळात स्वस्त म्हणून बाजारात आणलेल्या गिटारीचा आहे.

लॅमिनेट अधिक ताठ असते आणि पिकअप थेट त्या पृष्ठभागात कापून बसवल्यामुळे त्याचे कंपन आणखी आवरले जाते. स्वर चटकन उमटतो आणि लवकर विरतो. हा 'ठक्' असा लाकडी आघात आणि त्यामागची छोटीशी गोलाई हेच तुम्हाला हवे असेल, तर लॅमिनेट गिटार तुमच्या कामाची आहे. माझे मत एएफ ७५ ला.

लाकडी_घुमट

सप्तक_वेध यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो. ईएस-१७५ मधले लॅमिनेट आणि आजच्या स्वस्त गिटारीतले लॅमिनेट यांत थरांची जाडी, आतल्या पट्ट्यांची बांधणी आणि वरच्या लेपाची जाडी असा बराच फरक पडू शकतो. जाड पॉलिएस्टरचा लेप चढवलेली गिटार आणि पातळ लेपाची गिटार न जोडता, नुसती मांडीवर घेऊन वाजवून पाहा, म्हणजे छातीला जाणवणारे कंपन किती वेगळे आहे ते कळेल.

शिवाय जो पासचा आवाज हवा असे म्हणणारे पुष्कळ जण घरी ॲम्प न लावता तासन्‌तास रियाज करतात, आणि तिथे घन लाकडाची कोरीव गिटार जे देते ते लॅमिनेट कधीच देत नाही. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीनने अनेक दशके ॲम्पशिवाय चार ठोक्यांची साथ केली, ती केवळ कोरीव आर्चटॉपच्या जोरावर. द लोअर या कंपनीच्या घन लाकडाच्या गिटारी किंवा ईस्टमनच्या वापरलेल्या कोरीव गिटारी यांच्यासाठी थोडे थांबून पैसे साठवावेत, असे मी सुचवेन.

मांडवीकाठ

मी पणजीत राहतो आणि माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत, म्हणून लाकडी_घुमट यांच्या सल्ल्याला हवामानाची पुरवणी जोडतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींना ओल येते. घन स्प्रूसचा पृष्ठभाग ओलावा शोषून फुगतो, त्यामुळे तारांची उंची वाढते. ऑक्टोबरनंतर किंवा वातानुकूलित खोलीत तोच आकसतो आणि जोडावर ताण येतो. अशा गिटारीसाठी केसमध्ये आर्द्रतामापक आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवणे, त्या वेळच्या वेळी बदलणे आणि आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखणे हा कायमचा उद्योग होतो.

लॅमिनेटमध्ये एका थराचे रेषे दुसऱ्याला आडवे असतात, त्यामुळे ते फुगणे-आकसणे एकमेकांना अडवतात. मान मात्र लॅमिनेट गिटारीचीही हलते, हे विसरू नये. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) तपासावाच लागतो. पुण्यात राहणाऱ्याला इतका त्रास होणार नाही, पण मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांनी पहिली हॉलो बॉडी लॅमिनेटचीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

तिसरा_प्रहर

या किमतीत सेमी-हॉलो का नको? ॲम्पच्या आवाजाने गिटार आपोआप घुमू लागण्याची (फीडबॅकची) कटकट राहत नाही आणि इतर प्रकारचे संगीतही वाजवता येते.

पाचवी_तार

@तिसरा_प्रहर, सेमी-हॉलोचा विचार मी केला होता. परंतु १९५८ च्या ईएस-३३५ पासून या गिटारींच्या मधोमध जो लाकडी ठोकळा असतो, त्यामुळे स्वर लांबतो आणि प्रतिसाद सॉलिड बॉडीच्या जवळ जातो. लांबणारा स्वर माझ्याकडे आधीच आहे. मला लवकर विरणारा स्वर हवा आहे.

@मांडवीकाठ, मी पुण्यात असलो तरी वर्षातून काही आठवडे रत्नागिरीला असतो आणि गिटार सोबत नेणार आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा मला थेट लागू पडतो.

सपाट_फळी

मी थोडा विरोधी सूर लावतो. एड बिकर्ट आणि टेड ग्रीन यांनी फेंडरच्या टेलिकास्टरवर जे जॅझ वाजवले आहे ते ऐकावे, आणि मग पोकळ गिटारीशिवाय हा आवाज येत नाही असे म्हणता येते का ते ठरवावे. जो पासनेही सुरुवातीच्या काळात फेंडरची जॅझमास्टर वाजवली होती. तुमच्याकडे सॉलिड बॉडी आहेच. तिला फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांचा जाड संच लावा, मानेजवळचा पिकअप निवडा, व्हॉल्यूम सातवर आणि टोन पाच-सहावर आणा, ॲम्पमधला मध्यम पट्टा थोडा वाढवून खालचा कमी करा. दोन-तीन हजारांत जेवढा बदल दिसेल तेवढा कदाचित ६०,००० ची गिटार आणूनही दिसणार नाही. उरलेल्या पैशांत चांगल्या शिक्षकाकडे वर्षभर शिकता येईल.

सप्तक_वेध

तारांबद्दल सपाट_फळी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि धागाकर्त्यांनी हा प्रयोग खरेदीच्या आधी करावाच. परंतु ध्वनिमुद्रणात ऐकू येणारा आवाज आणि वाजवणाऱ्याच्या हाताला मिळणारा प्रतिसाद या दोन वेगळ्या बाबी आहेत. बिकर्टचा आवाज गोल येतो तो त्याच्या बोटांमुळे. पोकळ गिटारीवर उजव्या हाताचा जोर किंचित बदलला तरी स्वराची सुरुवात बदलते, कॉर्ड तोडण्याची वेळ वेगळी साधावी लागते, आणि या सगळ्यातून वाजवण्याची एक निराळी सवय घडत जाते. ज्याला ती सवय हवी आहे त्याला सॉलिड बॉडीवर फ्लॅटवाउंड लावून अर्धेच समाधान मिळेल.

रेवातीर

आतापर्यंत सगळे आवाजाबद्दल बोलले. शरीराबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. सोळा इंच रुंद आणि तीन इंचांहून अधिक जाड अंगाची गिटार घेऊन दोन तास बसले, की उजवा खांदा वर उचललेलाच राहतो. माझी उंची पाच फुटांच्या आसपास आहे आणि पूर्ण आकाराच्या आर्चटॉपवर मला पाठदुखी सुरू झाली होती. त्यावर मला दोन मार्ग सापडले. आयबानेझच्याच एजी मालिकेचे अंग लहान असते आणि तरीही ते पूर्ण पोकळ असते. दुसरा मार्ग म्हणजे पातळ अंगाची, मध्ये ठोकळा नसलेली गिटार, जशी एपिफोनची कसिनो. कसिनो ही बीटल्समुळे ओळखली जात असली तरी तिची बांधणी गिब्सनच्या ईएस-३३० सारखी आहे, आणि ईएस-३३० वर ग्रँट ग्रीन आणि एमिली रेमलर या दोघांनी वाजवलेले जॅझ ऐकल्यावर पातळ अंगाबद्दलची शंका उरत नाही.

जॉर्ज बेन्सनसाठी आयबानेझने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जी जीबी१० घडवली, तिचेही अंग मुद्दाम लहान ठेवले होते, कारण त्याला मोठ्या मंचावर मोठ्या आवाजात वाजवायचे होते. लहान अंग म्हणजे तडजोड असे कोणी सांगितले तर ऐकू नका. दुकानात उभ्याने चार कॉर्ड वाजवून निर्णय घेऊ नका. घरी ज्या खुर्चीवर बसता तशा खुर्चीवर अर्धा तास बसून पाहा.

तिसरा_प्रहर

रेवातीर यांचा प्रतिसाद मला फार उपयोगी पडला. कसिनोचे पी-९० पिकअप जॅझला चालतात का? त्यांचा गुणगुणाट होतो असे ऐकले आहे.

रेवातीर

चालतात. ईएस-१७५ लासुद्धा १९५७ मध्ये हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) येईपर्यंत पी-९० होते, आणि सुरुवातीला तर एकच होता. दोन पिकअपची आवृत्ती मागाहून आली. पी-९० मध्ये एकच वेटोळे असल्यामुळे ट्यूबलाइट, डिमर किंवा संगणकाजवळ गुणगुणाट होतो, परंतु कॉर्डमधले स्वर सुटे आणि स्वच्छ ऐकू येतात. हंबकर अधिक शांत आणि जाडसर असतो. धागाकर्त्यांच्या दोन पिकअपच्या प्रश्नावर माझे उत्तर असे, की जॅझसाठी मानेजवळचा एकच पुरतो. गॉडिनची फिफ्थ ॲव्हेन्यू किंगपिन ही एकाच पी-९० ची कॅनडात घडणारी सुंदर गिटार आहे, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो. इथे वापरलेल्या आर्टकोर, एपिफोन आणि ईस्टमनच्या लॅमिनेट एआर३७१ पुष्कळ दिसतात, आणि भारतातून मला नेहमी विचारणा होते की येताना एखादी आणशील का. वस्तुस्थिती अशी आहे, की पोकळ गिटार सामानात टाकायची तर मजबूत हार्ड केस लागते, तिचे वजन आणि आकार दोन्ही विमान कंपनीच्या मर्यादेत बसवावे लागतात, आणि शुल्कमुक्त सामानाची मर्यादा ओलांडली तर विमानतळावर सीमाशुल्क भरावे लागते. नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. या सगळ्याचा हिशेब केला तर स्वस्त गिटारीवर फारसे काही वाचत नाही. ईस्टमनसारखी भारतात सहज न मिळणारी गिटार असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो.

रोझवूडबद्दलही लोक घाबरून विचारतात. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली आल्या होत्या, परंतु नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही, त्यामुळे १९६० च्या दशकाच्या आसपासची जुनी गिटार आणताना तिच्या फिंगरबोर्डचे लाकूड कोणते आहे ते तपासावे लागते. आजच्या आर्टकोरला ही भीती नाही.

पडद्यांचा_कारागीर

मी गिटार दुरुस्तीचे काम करतो आणि वर कोणत्या मॉडेलला मत पडते यापेक्षा मला एका गोष्टीची अधिक काळजी वाटते. या धाग्यात सेटअपला सगळे मिळून एक ओळ मिळाली आहे, आणि परवडणाऱ्या आर्चटॉपचा आवाज सर्वांत जास्त बदलतो तो तिथेच.

आर्चटॉपचा ब्रिज (अंगावर तारांना उचलून धरणारा आधार) चिकटवलेला नसतो. तो केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहतो. म्हणून सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो. तारा एकेक करून बदलाव्यात, किंवा आधी ब्रिजच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून जागा खुणावून ठेवावी. ती जागा तपासण्यासाठी बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच पडद्यावर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवून पाहावा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारांची खालची टोके अडकवलेल्या भागाकडे) सरकवावा, उतरता येत असेल तर मानेकडे. पहिली आणि सहावी तार जुळली की मग मधल्या तारांचे सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो भाग) फिरवावेत.

दुसरी बाब म्हणजे ब्रिजचा लाकडी पाया. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारींत हा पाया पृष्ठभागाच्या बाकाला पूर्ण टेकलेला नसतो; कागदाचा तुकडा खालून आरपार जातो. अशा वेळी पृष्ठभागावर पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि त्यावर पाया हलक्या हाताने घासत राहायचे, म्हणजे पायाला नेमका तोच बाक येतो. एवढे केल्यावर आवाजाचा पोकळपणा जाऊन जो भरीवपणा येतो, तो ऐकून गिऱ्हाइकांना पिकअप बदलल्यासारखे वाटते. त्यावर धातूच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजऐवजी शिसवी किंवा एबनीचा सॅडल बसवला तर धातूची चकाकी उतरते. मात्र तिसरी तार साधी आहे की गुंडाळलेली, हे ठरवूनच लाकडी सॅडल घ्यावा, कारण सूर नेमका यावा म्हणून तार टेकण्याची जागा दोन्हींसाठी वेगवेगळी कापलेली असते.

वापरलेली गिटार पाहताना मान जिथे अंगाला जोडते तिथे केसासारखी भेग आहे का, ट्रस रॉडला दोन्ही बाजूंना वाव उरला आहे का, ब्रिजखालचा पृष्ठभाग खचला आहे का आणि कडेच्या जोडांना बोटाने दाबल्यावर करकर होते का, हे पाहावे. जॅक जर बाजूच्या पातळ लॅमिनेटमध्ये बसवलेला असेल तर तो आत ढकलला गेला आहे का हे आवर्जून पाहावे. एखादी जोरात ओढलेली वायर तिथले लाकूड फोडते. आणि सगळी बटणे फिरवून पाहावीत. सॉलिड बॉडीत खरखरणारे बटण बदलणे सोपे असते. पोकळ गिटारीला मागे झाकणच नसते, त्यामुळे प्रत्येक भागाला दोरा बांधून तो एफ-छिद्रातून बाहेर ओढावा लागतो आणि त्याच दोऱ्याने परत छिद्रात नेऊन बसवावा लागतो. भाग शंभर-दोनशे रुपयांचा असतो, मजुरी त्याच्या कितीतरी पट होते.

लाकडी_घुमट

कारागीर यांचा हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. ज्या गिटारींचा दोष मी लॅमिनेटवर ढकलत आलो, त्यांतल्या अनेकींचा आवाज ब्रिजचा पाया न टेकल्यामुळे पोकळ होत असणार. तरीही ॲम्पशिवाय वाजवण्याबाबतचे माझे मत कायम आहे. धागाकर्त्यांनी आपला किती रियाज विनाॲम्प होतो याचा हिशेब मांडावा.

खारे_वारे

मी मुंबईत रेस्टॉरंटांमध्ये त्रिकुटात वाजवतो. घुमण्याबद्दल तिसरा_प्रहर यांनी वर जे म्हटले त्याला धरून सांगतो, की ड्रम्स हलके असतील तर पूर्ण पोकळ गिटार घेऊन काम निभावते, पण त्यासाठी बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. ॲम्प पाठीमागे ठेवला तर त्याचा झोत थेट पृष्ठभागावर येतो. तो बाजूला, किंचित पुढे आणि खुर्चीवर उचलून ठेवावा, म्हणजे स्वतःला ऐकू येते आणि आवाज कमी ठेवता येतो. बहुतेक पोकळ गिटारी मंद्र सप्तकातल्या एखाद-दोन स्वरांवरच घुमतात. तेवढीच पट्टी ॲम्पच्या इक्वलायझरवर किंवा वेगळ्या पेडलवर कापली तर बाकीचा आवाज शाबूत राहतो. तरीही नाही भागले तर एफ-छिद्रांत फोमचे तुकडे बसवता येतात, पण त्याने विनाॲम्प आवाज बसतो, म्हणून मी तो शेवटचा उपाय मानतो.

ॲम्पबद्दल एवढेच, की जॅझला स्वच्छ आवाज आणि पुरेसा वाव लागतो. रोलँडच्या जॅझ कोरस मालिकेतला लहान ॲम्पही पोकळ गिटारीला न्याय देतो.

मांडवीकाठ

थोडे विषयाच्या कडेला जाऊन एक सांगावेसे वाटते. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक वाजवत होते, आणि चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी तो वारसा उचलला. गिटारपुरते बोलायचे तर मुंबईत जन्मलेले, गोवेकर कुटुंबातले अमान्सियो डिसिल्वा साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनला गेले आणि त्यांनी जॅझ गिटारमध्ये भारतीय रागांची वळणे आणली. कोलकात्याचे कार्लटन किटो यांनी २०१६ मध्ये निधन होईपर्यंत चार्ली ख्रिश्चनच्या परंपरेतले बीबॉप वाजवले आणि शिकवले. आपल्याकडे हे वाद्य घेणाऱ्याने ही माणसे ऐकलेली असावीत असे मला मनापासून वाटते, कारण गिटार निवडताना कानात फक्त अमेरिकेतला आवाज असण्याचे कारण नाही. डिसिल्वांचा आवाज जिम हॉलपेक्षा टोकदार आणि मोकळा आहे, आणि तसा आवाज कोणाला भावला तर तारांची निवडही बदलेल.

सपाट_फळी

मांडवीकाठ, हे विषयांतर नव्हे. डिसिल्वांचे नाव घेतल्याबद्दल आभार.

पाचवी_तार

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय केले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला हाच प्रश्न पडला तर उपयोग होईल.

सपाट_फळी यांच्या सूचनेप्रमाणे आधी माझ्या सॉलिड बॉडीला फ्लॅटवाउंड तारा लावल्या. आवाज बराच जवळ आला, पण सप्तक_वेध म्हणाले तसा हाताला हवा असलेला प्रतिसाद मिळाला नाही, आणि त्यामुळे पोकळ गिटार हवीच आहे याची खात्री पटली. त्यानंतर एएफ ५५, एएफ ७५ आणि एका गृहस्थांकडची वापरलेली जो पास एम्परर अशा तिन्ही गिटारी बसून वाजवल्या. एम्परर आवाजाला सर्वांत जवळची होती, परंतु कारागीर यांनी सांगितले तसे पाहिल्यावर जॅकभोवतीचे लाकूड फुटलेले दिसले आणि ट्रस रॉडला वाव उरला नव्हता. एएफ ५५ आणि एएफ ७५ या दोन्हींची स्केल (नट ते ब्रिज अशी तारेची लांबी) ६२८ मिलिमीटरच्या आसपास आहे, दोन्हींना दोन हंबकर आहेत आणि मानेजवळच्या पिकअपवर मला त्यांत इतका फरक जाणवला नाही, की त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. एएफ ५५ चा लेप चकाकी नसलेला आहे आणि तो हाताला अधिक बरा वाटला.

लाकडी_घुमट यांनी विचारलेला हिशेबही मांडला. माझा निम्म्याहून अधिक रियाज विनाॲम्प होतो, आणि कोरीव गिटारीसाठी पैसे साठवणे ही पुढच्या काही वर्षांची योजना म्हणून मी मनात ठेवली आहे. तूर्त एएफ ५५ घेतली, आणि वाचलेली रक्कम हार्ड केस, नव्या नटचे (मानेच्या टोकाच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीचे) काम, एबनीचा सॅडल आणि तारा यांवर खर्च करणार आहे.

शेवटचा प्रश्न कारागीर यांना आहे. फ्लॅटवाउंड ११ चा संच लावू की १२ चा (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत)? आणि सुरुवातीला निकेलच्या तारा बऱ्या की स्टीलच्या?

पडद्यांचा_कारागीर

निर्णय विचारपूर्वक घेतला आहे. या लहान स्केलवर १२ चा संच हाताला तितका जड जात नाही, जितका तो ६४८ मिलिमीटरच्या टेलिकास्टरवर गेला असेल, म्हणून १२ ने सुरुवात करा. गुंडाळलेली तिसरी तार असलेलाच संच घ्या आणि सॅडलही त्याच तारेसाठी कापलेला मागवा. नटच्या खाचा मात्र तारा लावण्याआधी रुंद करून घ्याव्या लागतील. कारखान्यातल्या खाचा बारीक तारांसाठी असतात, त्यांत जाड तार अडकते आणि ट्यूनिंग करताना टकटक आवाज करत उडी मारते.

तारांच्या जातीबद्दल सांगायचे तर थोमास्टिकच्या जॅझ स्विंग या निकेलच्या आहेत, मऊ आणि महाग. डॅडारिओच्या क्रोम्स स्टेनलेस स्टीलच्या आहेत, सुरुवातीला किंचित चमकदार वाजतात आणि दोन-तीन आठवड्यांत शांत होतात. रत्नागिरीला गिटार नेणार असाल तर घामाला आणि खाऱ्या हवेला स्टील अधिक टिकते. आधी क्रोम्स लावा, आणि पहिला संच संपेपर्यंत पिकअपची उंची, ॲम्पचा खालचा पट्टा आणि टोनचे बटण यांवरच प्रयोग करा. पिकअप थोडा खाली उतरवला तर जाड तारांचा गुबगुबीतपणा कमी होऊन कॉर्डमधले स्वर सुटे होतात.

जाड तारांनी मान पुढे ओढली जाईल. ती स्थिरावायला काही दिवस द्या आणि मगच ट्रस रॉड फिरवा, एका वेळी पाव वेढ्याहून अधिक नाही. गिटार माझ्याकडे आणणार असाल तर जुना ब्रिज आणि कारखान्यातून आलेला तारांचा संच फेकू नका, सोबत आणा. नव्या सॅडलची उंची त्यांवरून मोजायला सोपी जाते.